बिनसुरीचं घर

फेब्रुवारी लागला की आमच्या सिडकोत चौकाचौकात द्राक्षांच्या गाड्या उभ्या राहतात. सकाळी अजून स्वेटर लागतो, दुपारी ऊन पाठीला चटका देतं, आणि संध्याकाळी कंपन्यांमधून सुटलेल्या माणसांच्या हँडलला एकेक पिशवी लटकलेली असते. परवा माझ्या बायकोने, सुनंदाने, दोन किलो द्राक्षं आणली. मिठाच्या पाण्यात घालून, निथळून, वाटी माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः आत गेली. मी एक मणी तोंडात टाकला. गोड होता. पण तो खाऊन मी वाटी बाजूला सरकवली. दोन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवला की अजून असं होतं.

त्या वर्षी आम्ही जितकी द्राक्षं खाल्ली तितकी आयुष्यात कधी खाल्ली नव्हती. आवड म्हणून नाही. द्राक्षांना सुरी लागत नाही म्हणून. केळं, संत्रं, बोरं, द्राक्षं. पपई घरात आणायची नाही, कलिंगड तर नाहीच. सफरचंद आणलं तर अख्खं दातांनी खायचं.

आमच्या घरात तेव्हा एकही सुरी नव्हती. विळी नव्हती, कात्री नव्हती. मी दाढीसुद्धा सलूनमध्ये जाऊन करत होतो.

ही गोष्ट माझ्यासारख्या माणसाच्या घरात घडावी याचं मला तेव्हाही नवल वाटायचं. मी अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये पस्तीस वर्षं ग्राइंडर चालवला. धार लावणं हेच माझं काम. रविवारी सकाळी आमच्या गल्लीतल्या बायका विळ्या, सुऱ्या, कात्र्या पदराखाली घेऊन यायच्या आणि मी ओट्यावर दगड घेऊन बसायचो. केतकी, आमची एकुलती एक मुलगी, लहानपणी समोर बसून पाणी शिंपडायची. धार लागली की नाही हे बोटाने नाही, कागदाने बघायचं, हे मी तिला पहिलीत असतानाच शिकवलं होतं. जुनं वर्तमानपत्र ती दोन्ही हातांनी ताणून धरायची आणि सुरी त्यातून सरसर गेली की हसायची.

केतकी पुण्याला फार्मसी शिकत होती. तिसऱ्या वर्षाला होती तेव्हा अचानक घरी आली आणि परत जायचं नाव काढेना. जेवायची, झोपायची, खिडकीशी बसायची. आम्हाला वाटलं, अभ्यास जड गेला असेल, कोणाशी भांडण झालं असेल, होईल ठीक. जुलैमधल्या एका संध्याकाळी काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. सुनंदा वेळेवर घरी आली आणि केतकी वाचली, एवढं पुरे.

दवाखान्यातून सोडताना मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवलं. वयाने आमच्याहून लहान, पण आवाज ठाम. त्या म्हणाल्या, "काही दिवस घरातल्या धारदार वस्तू, औषधं, सगळं कुलपात ठेवा. मी सांगेपर्यंत. आणि तिच्याशी बोलत राहा. कसं वाटतंय ते सरळ विचारा. विचारल्याने काही वाईट होत नाही."

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. आम्ही एकच पाळली.

त्याच दिवशी मी सगळं पातं असलेलं सामान वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत भरलं आणि कंपनीतल्या माझ्या लॉकरमध्ये नेऊन ठेवलं. नारळाची खवणीसुद्धा. मग सुनंदाचा स्वयंपाक बदलला. मेथी, शेपू, चाकवत निवडून. गवार मोडून, शेवग्याच्या शेंगा मोडून, भेंडीही मोडून. बटाटे उकडून हाताने कुस्करायचे. कांदा बुक्कीने फोडायचा. दुधी किंवा कोबी करायचा झाला तर ती शेजारच्या वहिनींकडे जाऊन चिरून आणायची. "आमची विळी तुटलीय," असं तिने त्यांना सांगितलं होतं. दहा-अकरा महिने आमची विळी तुटलेलीच होती. वहिनींना काय वाटत असेल देव जाणे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी वाण म्हणून बायकांना काय दिलं असेल, तर भाजी चिरायची लहान सुरी. गुलाबी मुठीची. सुनंदा घरी आली ती पर्स छातीशी धरून. मी दार उघडलं तर तिला बोलता येईना. पर्सकडे नुसतं बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी तीही सुरी लॉकरमध्ये गेली.

केतकीला हे सगळं दिसत होतं. एकदाच, जानेवारीतल्या एका दुपारी, ती संत्रं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, हे चालतं ना? नखांनी सोलता येतं."

सुनंदा मेथी निवडत राहिली. मी पेपर वाचत होतो, तो वाचतच राहिलो. बाप म्हणून मी अनेक चुका केल्या असतील, पण त्या दुपारी पेपर खाली न ठेवणं ही त्यातली सगळ्यात मोठी.

औषधांनी तिला हळूहळू उतार पडला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून ती रविवारी सकाळी पांडवलेणीच्या डोंगरावर जाऊ लागली. तिथे तिला आप्पा भेटले. साठीचे, निवृत्त पीटी शिक्षक, उन्हाने रापलेले. ते शाळेच्या मुलांचे कॅम्प घ्यायचे. डोंगर चढणं, तंबू लावणं, चूल पेटवणं, बॅरलचा तराफा बांधून पाण्यात नेणं. केतकी आधी नुसती त्यांच्याबरोबर चालायची, मग गाठी शिकली, मग तंबू. घरी येऊन पलंगाच्या दांडीला दोर बांधून सराव करायची. त्या दोराचीही आम्हाला भीती वाटायची, पण तिच्या गालांवर ऊन लागलेलं दिसायचं आणि आम्ही तो तिथेच राहू द्यायचो.

एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "पप्पा, मला एक सुरी घ्यायचीय."

सुनंदाचा पोळी मोडणारा हात थांबला.

"कसली?" मी विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला.

"कॅम्पची. मिटणारी नाही, सरळ पात्याची. मला आता सहायक म्हणून घेतलंय ना. आप्पा म्हणाले, प्रत्येकाकडे स्वतःची हवी. दोर कापायला, लाकडं सोलायला. महाग नको म्हणालेत, पण कामाची हवी." मग थोडं थांबून, "मी मोबाईलवर बघितल्यात. पण लोखंडातलं तुम्हाला कळतं. येणार का बरोबर?"

त्या रात्री सुनंदा म्हणाली, "नाही म्हणा."

"काय सांगून नाही म्हणू?"

डॉक्टरांना फोन करून विचारावं, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं. पण त्या हो म्हणाल्या तर काय, याची आम्हाला भीती वाटली.

रविवार कारंजाजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी तिला घेऊन गेलो. दुकानदार चाचा मला वीस वर्षांपासून ओळखतात. कंपनीसाठी कानशी, पॉलिश पेपर मी त्यांच्याकडूनच न्यायचो. "आज साहेब बेटीला घेऊन आले," असं म्हणत त्यांनी काचेवर तीन सुऱ्या मांडल्या.

पहिली काळी, पाठीवर करवतीसारखे दात, मुठीच्या टोकाला झाकण. झाकण उघडलं की आत होकायंत्र आणि काड्या. "कॉलेजची पोरं हीच नेतात," चाचा म्हणाले.

मी ती केतकीच्या हातात दिली. "सांग, काय खोट आहे?"

तिने उलटीपालटी केली. "मूठ पोकळ आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पातं आत जातच नाही."

"अंगठ्याएवढं जातं. जोर लावलास की इथून मोडणार. पातं मुठीच्या शेवटापर्यंत जायला पाहिजे. आणि हे दात लाकूडही नीट कापत नाहीत आणि दोरही."

दुसरी गावठी, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवलेली, सागवानी मुठीची. पोलाद झकास होतं. मी खिशातली बारीक कानस मुठीजवळच्या कोपऱ्यावर ओढली, तर नुसती घसरली. म्हणजे पाणी चांगलं दिलेलं, पोलाद कडक. पण जड होती, जवळपास कोयतीच, आणि तिला म्यान नव्हतं. तिसरी अगदी साधी. हाताच्या पंजाच्या रुंदीएवढं पातं, नारिंगी मूठ, टक् आवाज करून बसणारं प्लॅस्टिकचं म्यान. कानस हिच्यावर किंचित धरत होती, पण बरी होती.

"रंग असा का?" केतकीने विचारलं.

"गवतात पडली तर सापडायला. आता तू सांग, काम पाण्याजवळ का डोंगरावर?"

"दोन्हीकडे. पण धरणाकाठी जास्त."

"मग ही घे. स्टेनलेस आहे. गावठीला धार जास्त टिकेल, पण पाण्यात एक आठवडा विसरलीस तर गंजून जाईल. हिला धार वरचेवर लावावी लागेल, एवढंच."

"ती तुम्ही लावाल ना."

"लावीन की."

ती विचारत होती, मी सांगत होतो. पात्याची जाडी किती असावी, टोक कुठे असावं, घामेजल्या हातात मूठ घसरते का ते कसं बघायचं. चाचा चहा मागवून ऐकत बसले होते. आठ महिन्यांत आम्ही बापलेक इतकं बोललो नव्हतो. त्या अर्ध्या तासात मला कशाचीच भीती वाटली नाही, हे मला नंतर जाणवलं. हजाराच्या आत काम झालं. चाचांनी सुरी कागदात गुंडाळून तिच्याकडे सरकवली, आणि मी मध्येच हात घालून ती उचलली आणि माझ्या पिशवीत टाकली.

केतकीने माझ्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहू लागली.

सुरी आठवडाभर माझ्या लॉकरमध्ये राहिली. कॅम्पला जायच्या सकाळी मी ती घरी आणली. केतकी सॅक भरत होती. म्हणाली, "पप्पा, मस्त धार लावून द्या."

मी दगड घेऊन ओट्यावर बसलो. आधी खरंच धार लावली. दोन्ही बाजू सारख्या, घाई न करता. कागद सरसर कापला. कापलेले दोन तुकडे माझ्या मांडीवर पडले. आतून तिच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. मी पातं उभं धरलं आणि धार दगडावर दाबून आडवी ओढली. एकदा. मग आणखी एकदा. ज्याने आयुष्यभर धार पाहिलेली नाही अशा माणसाला काही कळणार नाही. पातं तसंच चकाकत होतं. फक्त आता ते लोणी कापायच्या लायकीचं होतं.

बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा घातक असते. तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते. टूलरूममध्ये नवीन आलेल्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी हे सांगायचो. आणि त्या सकाळी मी हे विसरलो होतो असंही नाही. मला आठवत होतं. तरी मी ती म्यानात घातली, टक् आवाज झाला, आणि तिच्या हातात दिली.

सुनंदा म्हणाली, "बघून तर घे."

"पप्पांनी लावलीय ना," केतकी म्हणाली, "मग बघायचं काय?"

कॅम्प इगतपुरीच्या बाजूला, एका धरणाच्या काठी होता. रोज दुपारी तिचा फोन यायचा, तिसऱ्या दिवशी आला नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. सुनंदाने दार उघडलं. केतकी उभी होती, खांद्यावर सॅक, आणि डाव्या हाताला मनगटापर्यंत पांढरं बँडेज.

सुनंदाने काही विचारलं नाही. तिने झडप घालून केतकीचा हात धरला आणि खाली बसली. तोंडातून नुसता आवाज येत होता, शब्द नव्हते. मी तिच्या मागे उभा होतो. मला वाटलं, संपलं. पुन्हा तेच. आणि या वेळी ती सुरी मीच विकत घेऊन दिलीय.

केतकी आधी गोंधळली. मग तिने आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि तिला कळलं आम्हाला काय वाटतंय ते. तिचा चेहरा उतरला. इतका उतरलेला मी तो दवाखान्यातही पाहिला नव्हता.

"मम्मी, हात सोड," ती हळू म्हणाली. "मी काही केलं नाही. सुरी घसरली."

मग तिने सगळं सांगितलं. मुलांनी बॅरलचा तराफा बांधला होता. केतकी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तो धरत होती. सातवीतली एक मुलगी उतरायला गेली आणि तिचा पाय मोकळ्या सुटलेल्या दोराच्या फासात अडकला. तेवढ्यात वारा आला, तराफा आत जायला लागला आणि फास आवळला. लाइफ जॅकेट होतं, पण पाय वर ओढला जाऊन मुलीचं तोंड पाण्याखाली जायला लागलं. केतकीने सुरी काढली. नायलॉनचा दोर एका झटक्यात तुटायला हवा होता. तुटला नाही. तिने परत ओढली, परत ओढली, शेवटी सगळा जोर लावला आणि पातं दोरावरून निसटून तिच्याच तळहातात गेलं. आप्पा काठावरून धावत आले. त्यांच्या सुरीने दोर एका दमात कापला. मुलीला खोकला आला, पाणी निघालं, ती रडली आणि अर्ध्या तासाने चहाबरोबर बिस्किटं खात होती. केतकीच्या तळहाताला सात टाके पडले.

बोलता बोलता तिने उजव्या हाताने सॅकच्या कप्प्यातून सुरी काढली आणि टीपॉयवर ठेवली.

"पप्पा, हिला धार का नव्हती?"

मला खोटं बोलता आलं असतं. स्टेनलेस आहे, उतरली असेल. चाचांनी फसवलं असेल. ही दोन्ही वाक्यं माझ्या जिभेवर आली होती.

"मी मोडली," मी म्हणालो. "लावली होती. मग मोडली."

सुनंदा जमिनीवर बसल्या बसल्या माझ्याकडे बघत राहिली.

"का?" केतकीने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"भीती वाटली."

"मग मला सांगायचं ना. नेऊ नकोस म्हणायचं. मी नसती नेली." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "ती मुलगी पाण्याखाली होती, पप्पा. मी म्हणत होते, कापली जाईल, कापली जाईल, पप्पांनी लावलीय."

ती बँडेजच्या कडेचा धागा ओढत बसली. मग म्हणाली, "तुम्ही सुऱ्या लपवल्यात, औषधं लपवलीत, मम्मीने बाथरूमची कडी काढून टाकली. मला राग नाही आला त्याचा. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, माहितीय मला. पण इतक्या महिन्यांत तुम्ही दोघांनी एकदाही विचारलं नाही, त्या दिवशी काय झालं होतं. एकदाही."

"परत आठवेल म्हणून," सुनंदा म्हणाली. रडत नव्हती, पण आवाज घोगरा झाला होता.

"विसरलेच नव्हते तर आठवणार काय, मम्मी?"

त्या संध्याकाळी आम्ही विचारलं. तिने सांगितलं. पुण्यातल्या खोलीतलं, त्याआधीच्या वर्षातलं, जुलैमधलं. ते तिचं आहे, मी इथे मांडणार नाही. इतकंच सांगतो, की त्यातल्या निम्म्या दिवसांत ती आमच्याशी फोनवर बोलली होती, आणि आम्ही 'जेवलीस का' एवढंच विचारून फोन ठेवला होता. मध्ये एकदा सुनंदा उठून पाणी घेऊन आली. तांब्या भरून आणला आणि पेले आणायचे विसरली. आम्ही तिघं तांब्यानेच पाणी प्यायलो.

पण गोष्ट तिथे मिटली नाही. आप्पांनी केतकीला पुढच्या दोन कॅम्पांना येऊ नको म्हणून सांगितलं होतं. "आपलं हत्यार आपण तपासायचं. मुलांचा जीव आपल्या हातात असतो," असं सगळ्यांसमोर म्हणाले होते. केतकीने त्यांना धारेबद्दल काही सांगितलं नव्हतं, कारण तिलाच माहीत नव्हतं. आता माहीत झाल्यावरही ती म्हणाली, "मी नाही सांगणार. मीच बघायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि गंगापूर रोडला आप्पांच्या घरी गेलो. ते गच्चीत ओले तंबू वाळत घालत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. माझी मुलगी आजारी होती, काय झालं होतं, घरात सुऱ्या का नव्हत्या, आणि मी काय केलं. सांगून झाल्यावर मी म्हणालो, "शिक्षा करायची तर मला करा. तिची चूक नाही."

त्यांनी तंबूच्या कोपऱ्यातलं पाणी पिळलं. "तिची चूक आहेच. बाप धार लावून देतो म्हणून तपासायचं नाही, असं चालत नाही. मात्र तुमची चूक फार मोठी आहे. त्या सातवीतल्या पोरीचं काही झालं असतं म्हणजे?"

"हो."

"आणि तिच्या आजाराचं म्हणाल, तर ते मला माहीत आहे. पहिल्याच महिन्यात तिने स्वतः सांगितलं."

"तिने?" मी विचारलं.

"मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून ये, तू हे काम करू शकतेस का. ती विचारून आली. सुरीचंही विचारून आली. मगच मी घ्यायला सांगितलं." ते दोरी ताणत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "मला धाकधूक नव्हती असं नाही हो. पहिल्या कॅम्पला मी दर तासाला तिला गाठून विचारायचो, काय केतकी, कसं काय? ती म्हणायची, ठीक. कधी म्हणायची, आज नको वाटतंय, मी भांडी घासते. मग मी तिला भांडी द्यायचो."

मी पायऱ्या उतरून खाली आलो आणि स्कूटरवर बसून राहिलो, किल्ली न लावता. डॉक्टरांना माहीत होतं. एका परक्या माणसाला माहीत होतं. तिने विचारलं होतं, सांगितलं होतं, परवानगी मिळवली होती. ज्यांना ती सांगू शकली नाही अशी दोनच माणसं होती, आणि ती दोघं रोज तिच्या ताटात मोडलेली भेंडी वाढत होती.

एप्रिलमध्ये टाके निघाल्यावर आप्पांनी तिला परत बोलावलं. सुरीला मी पुन्हा धार लावली, ती समोर बसलेली असताना. मी दिली तेव्हा तिने वर्तमानपत्र घेतलं, ताणलं, आणि स्वतः तपासलं. मला लागलं, पण लागायलाच हवं होतं. लॉकरमधलं सामान लगेच घरी आलं नाही. ते आम्ही डॉक्टरांना विचारून, एकेक करून आणलं. विळी शेवटी आली, पाऊस सुरू व्हायच्या सुमारास. त्या दिवशी सुनंदाने दुधी केला आणि तो कोणालाच आवडला नाही.

लोक म्हणतात, आता सगळं ठीक आहे ना. मी हो म्हणतो. खरं उत्तर लांबलचक असतं आणि ते गल्लीत उभं राहून देता येत नाही. केतकीचं औषध चालू आहे. राहिलेली फार्मसी तिने नंतर पूर्ण केली, पण दुकानात काम करत नाही, आप्पांबरोबरच आहे. तिच्या तळहातावर अंगठ्याखाली एक पांढरी रेघ राहिलीय. ती हात धुते किंवा ओंजळीने पाणी पिते तेव्हा मला दिसते, आणि ती रेघ मी ओढलेली आहे.

या महिन्यात तिचा कॅम्प सुरगाण्याकडे आहे. रेंज नाही म्हणून रोज पाच वाजता ती एका टेकाडावर चढून फोन करते. मी कंपनीतून गेल्या वर्षी निवृत्त झालो, त्यामुळे साडेचारपासूनच फोन हातात धरून बसतो. आता मी विचारतो. अजून जमत नाही नीट. आधी हवा कशी आहे, मुलं किती आहेत, असं इकडचं तिकडचं विचारतो, आणि मग एकदम विचारून टाकतो.

काल विचारलं, "तुला कसं वाटतंय?"

फोनमध्ये वारा घोंघावत होता.

"आज बरं नाही वाटत, पप्पा. सकाळपासूनच. आप्पांना सांगितलंय. सोमवारी आल्यावर मॅडमकडे जाते."

माझा हात स्कूटरच्या किल्लीकडे गेला. मी म्हणालो, "मी येऊ का? आत्ता निघतो."

"नको. एवढं काही नाही. फक्त लगेच ठेवू नका."

"नाही ठेवत."

सुनंदा हात पुसत येऊन शेजारी बसली. मी स्पीकर चालू केला. सुनंदाने शेजारच्या वहिनींच्या नातवाचं बारसं सांगितलं. केतकी 'हं' म्हणत होती. मध्येच खालून तिला कोणीतरी चहाला हाक मारली.

"आले, आले," ती ओरडली, आणि मग आम्हाला म्हणाली, "थांबा हं, कप घेऊन परत वर येते."

पावलांचा आवाज दूर गेला. तिकडे कुठेतरी मुलं खेळत होती. आम्ही दोघं फोनकडे बघत थांबलो.